मुरमातला तरवड

माझं माहेर नगरकडच्या कोरडवाहू भागातलं. तिथली माणसं पाणी हात राखून वापरतात आणि राग सढळ हाताने. लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले तेव्हा या दोन्ही सवयी मी बरोबर आणल्या आणि दोन्ही अजून तशाच आहेत. सासर केळीवाल्यांचं. शाहपूरजवळच्या आमच्या शेतात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मोटर चालू होती, पाटाला कुठेतरी भगदाड पडलं होतं आणि पाणी आरामात गाडीरस्त्यावरून वाहत चाललं होतं. कुणी धावत नव्हतं. माझा जीव वरखाली व्हायला लागला. नव्या नवरीने बोलू नये, तरी मी सासऱ्यांना म्हणाले, "आबा, पाणी वाया चाललंय." त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "वाया कुठी जाते पोरी? जमिनीतच तं जाते."

आमची खरी ओळख तिथून झाली. पुढे पाट गेले, ठिबकच्या नळ्या आल्या, पाणी मोजूनमापून द्यायची पद्धत आली, पण आबांचा स्वभाव पाटाच्या काळातलाच राहिला. झाड दिसलं की त्यांचा हात तांब्याकडे जायचा. पाहुण्याला आधी पाणी विचारतात तसं ते झाडालाही विचारायचे, आणि झाड बोलत नाही म्हणून हो धरून चालायचे.

आम्ही दोघं राहतो शहराबाहेरच्या एका कॉलनीत. ह्यांची सरकारी कचेरीत नोकरी, मी नेपानगरच्या शाळेत गणित शिकवते. घराची जागा मुळात खोलगट होती, पावसाळ्यात तळं साचायचं. म्हणून पाया भरताना ट्रॉल्याच्या ट्रॉल्या मुरूम टाकून ती वर उचलली. घर उंचावर आलं, पण मागचं अंगण लाल मुरमाचं झालं. मी तिथं गुलाब लावून पाहिला, मोगरा लावला, शेजारणीने दिलेली जास्वंद लावली. सगळ्यांनी थोडे दिवस माझं मन राखलं आणि मग मान टाकली. ह्यांनी तर शेतातून केळीचं पील, म्हणजे कंदाला फुटलेला कोंब, आणून लावलं. ते गुडघ्याएवढं झालं आणि तिथंच थांबलं. "केळीवाल्याच्या घरात केळ येत नाही, कुणाला सांगू नकोस," असं ह्यांनी मला बजावलं, आणि अर्थातच मी सगळ्या शाळेत सांगितलं.

तरवड लावायचं माझ्या डोक्यात आलं ते रेल्वेच्या खिडकीतून. नेपानगरला जाता-येता चांदनी स्टेशन लागतं. त्याच्या आसपास रुळांच्या कडेला बरड जमिनीवर तरवडाची झुडपं आहेत. पावसाळा सरला की ती अशी पिवळीधमक होतात की मी हातातल्या वह्या तपासायच्या सोडून बाहेर बघत बसते. माझ्या माहेरी नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ असते. गावाबाहेर माळावर जायचं, ओटीत फुलं भरून आणायची, आईने ती ओवायची. सासरी घटावर विड्याच्या पानांची माळ चढते, आणि ती मी इतकी वर्षं बिनतक्रार चढवत आले. पण एखादी तरी माळ आपल्याकडची असावी असं दर वर्षी वाटायचंच. सिंधीपुऱ्याकडच्या फुलवाल्यांकडे झेंडू मिळतो, शेवंती मिळते, हल्ली ऑर्किडसुद्धा मिळतं. तरवड मागितला तर ते हसतात. इकडे कुणी त्याला फूल मानतच नाही.

मग एका हिवाळ्यात, शाळेला अर्धी सुट्टी होती तेव्हा, मी चांदनीला उतरले आणि पदर खोचून वाळलेल्या शेंगा गोळा केल्या. पापडासारख्या चपट्या, तपकिरी, हातात घेतल्या की खुळखुळणाऱ्या. तिथं गाडीची वाट बघत बसलेल्या एका बाईने विचारलं, कशाचं औषध करायचंय. मी म्हटलं, रागाचं. ती गंभीरपणे मान हलवून म्हणाली, "उससे होता है क्या?" मी म्हटलं, बघू.

तरवडाचं बी कडक असतं. मी ते दगडावर घासलं, कोमट पाण्यात रात्रभर ठेवलं आणि पाऊस लागल्यावर मागच्या भिंतीलगत मुरमात टोचलं. बरीच रोपं आली, त्यातली तीन टिकली. त्यानंतर मी त्यांच्यासाठी काहीच केलं नाही. एवढं सुख मला दुसऱ्या कशाने दिलेलं नाही. पावसाने ओढ दिली की कॉलनीतल्या बायका पाइप घेऊन उभ्या असायच्या, टाकी संपली म्हणून नवऱ्यावर ओरडायच्या, आणि माझी तीन झुडपं मुरमात पाय रोवून, बारीक पानं हलवत, कुणाकडे काही न मागता उभी असायची. पहिल्या वर्षी फूल आलं नाही. येणार नव्हतंच. पुढच्या नवरात्राला माळेपुरती फुलं येतील असा माझा हिशोब होता.

त्या पुढच्या वर्षी, होळीच्या सुमाराला, आबा आमच्याकडे राहायला आले. आले म्हणजे आणले. शेतात त्यांच्या छातीत दुखलं, धावपळ झाली, अँजिओप्लास्टी झाली. माझ्या सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आबा शेतातल्या घरात एकटेच राहायचे. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता एकटं ठेवू नका, पुन्हा असं झालं आणि जवळ कुणी नसलं तर काही करता येणार नाही. केळीची बाग ह्यांच्या चुलतभावाला कसायला दिली आणि आबांची खाट आमच्या समोरच्या खोलीत पडली. आबांनी अट घातली. "दसऱ्यापर्यंत राहतो. मग मी आपल्या शेतात. तिथी मरन आलं तं येऊ दे." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, कधी आम्हाला, कधी दूधवाल्याला.

पण त्याहून मला खुपायची ती दुसरीच गोष्ट. दसऱ्याच्या पलीकडचं काही त्यांच्या बोलण्यात येईनासं झालं होतं. दिवाळीला आमची मुलगी, त्यांची नात, इंदूरहून येईल म्हटलं की "पाहू". पुढच्या वर्षी तिच्या लग्नाचं बघायचं म्हटलं की "तुम्ही पाहा". केळीवाला माणूस नेहमी पुढचं बोलतो. कधी लावायची, कधी घड पडतील, कधी कापणी. आबांनी तो हिशोबच मोडीत काढला होता. दसरा आला की एकट्याने शेतात जायचं आणि वाट बघायची, एवढंच त्यांनी स्वतःपुरतं ठरवलं होतं. ते जाऊ नयेत असं आम्हाला वाटत होतं, आणि त्यांना राहायला लावील असं आमच्या घरात काही नव्हतं.

खरं सांगायचं तर पहिला महिना मलाही दसऱ्याची घाई झाली होती. आबा भल्या पहाटे उठायचे आणि मोठ्याने विचारायचे, "लाईट आली का?" शेतात वीज येण्याच्या वेळेवर मोटर सुरू करायची सवय. घरात वीज गेलेलीच नसायची, तरी विचारायचे. भाजीत मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करायचे आणि वर डॉक्टरला नावं ठेवायचे. मीही काही मूग गिळून बसणारी नाही. पण मग कसं कोण जाणे, आमचं जमत गेलं. मी संध्याकाळच्या गाडीने आले की ते दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे. "आज गाडी लेट का?" असं रागावून विचारायचे. माझ्या गाडीला उशीर झाला म्हणून माझ्यावर रागावणारं माणूस मला लग्नानंतर पहिल्यांदाच भेटलं होतं. चहा मी आल्यावरच घ्यायचे. उन्हाळा संपेपर्यंत माझं मलाच जाणवायला लागलं की ते गेले तर घर फार मोकळं वाटेल.

तरवडाशी त्यांची पहिली भेट मात्र चांगली झाली नव्हती. मागच्या अंगणात येऊन त्यांनी कमरेवर हात ठेवले. "हे तं बरडावरचं झाड. याले बकरी बी तोंड लावत नही. तू हे घरात लावलं?"

"म्हणूनच लावलं," मी म्हटलं. "कुणाची कटकट नाही. आणि आबा, त्याला पाणी घालायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही."

"बिनपान्याचं कोनतं झाड असते?"

"हे असतं."

ते झाडांभोवती एक चक्कर मारून आत गेले. मला वाटलं पटलं. इतकी वर्षं त्यांना ओळखत असून मला असं वाटलं हेच नवल.

त्या उन्हाळ्यात माझी तिन्ही झुडपं अशी उठली की बघत राहावं. पानं मोठी, गडद, तकतकीत. फांद्या हाताएवढ्या लांब. मी चहा पिताना आबांना रोज ऐकवायची, "बघा, पाण्यावाचून कसा फोफावलाय. तुमच्या केळीला जमेल का?" आबा बशीत चहा ओतायचे, फुंकर मारायचे आणि मिशीत हसायचे. मी सकाळी सातच्या आत घर सोडते, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं होतं.

पाऊस लागला. काही दिवसांनी एका झुडपाची पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं पावसाने असेल. मग ती गळाली, आणि आठवड्याभरात फांद्यांचे नुसते सांगाडे उरले. मागोमाग दुसऱ्यालाही तेच झालं. मी जीव तोडून कारणं शोधत होते. कीड पाहिली, वाळवी पाहिली, शेजाऱ्यांच्या मांजरावरही संशय घेतला.

श्रावणातल्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी मागचं दार उघडलं, तर आबा तिसऱ्या झुडपाशी बादली घेऊन उभे. आभाळ भरून आलेलं. त्यांनी आधी खाली वाकून मुठीत मुरूम घेतला, दाबला, मूठ उघडली. मुरूम बोटांतून सांडला. त्यांनी मान हलवली आणि तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली.

"आबा, हे काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. "मूठ पाहिली मी. लाडू बसतच नही. रोज पाहतो. रोज कोरडी."

एका क्षणात सगळा उलगडा झाला. केळीच्या बागेत काळी माती. ती मुठीत दाबायची. लाडू झाला तर ओल आहे, फुटला तर पाणी द्यायचं. या एका मुठीवर त्यांनी उभी हयात बाग पिकवली होती. तीच मूठ ते इथं रोज मुरमाची भरत होते. मुरमाचा लाडू सात जन्मांत बसणार नव्हता, आणि तो बसेपर्यंत पाणी घालायचं असं त्यांनी ठरवलं होतं. होळीपासून.

मी तेव्हा जे बोलले ते शाळेत सगळ्या वर्गाला एकदम ऐकवते त्या आवाजात बोलले. एकदा सांगितलेलं कळत नाही का, माझी दोन झाडं मेली, दीड वर्ष मी वाट बघितली होती, आणि भर पावसाळ्यात कोण झाडाला पाणी घालतं. आबांनी तांब्या बादलीत ठेवला, बादली भिंतीशी नेऊन ठेवली, हात धोतराला पुसले आणि आत गेले.

ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागचं अंगण सोडलं. दारातली खुर्चीही आत घेतली. चहा मी आल्यावर एकत्र घेणं बंद झालं. विचारलं की म्हणायचे, झाला. आणि एका संध्याकाळी मी चपला काढत असताना ते चुलत दिरांशी फोनवर बोलताना ऐकलं. "दसऱ्याची वाट कशाले पाहू? पोळा झाला का येतो मी. तिथली खोली झाडून ठेव." पोळा तोंडावर आला होता.

मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. हे म्हणाले, झाडं तुझी, बोललीस तू, आता तूच बोल. आम्ही दोघंही एकमेकांना पुढे ढकलत राहिलो. मला राग येत होता तो आता तरवडाचा नव्हता. हा माणूस एका एकट्या खोलीत पडायला निघालाय आणि मी दोन झुडपांवरून त्याला घाई केली, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

रविवारी मी मेलेली झाडं उपटायला घेतली. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून. टिकाव मारला तशी वरची मुरमाची भर सहज निघाली; मागे ती वीतभरच होती. खाली मात्र टिकावाला चिकट, काळीभोर माती लागली आणि खड्ड्यात पाणी झिरपून आलं. मूळ वर काढलं तर ते काळं पडलेलं, हाताला बुळबुळीत. वास असा की मी तोंड फिरवलं.

"इकडे दाखव."

आबा दारात उभे होते. टिकावाचा आवाज ऐकून आले असावेत. त्यांनी मूळ हातात घेतलं, नाकाशी नेलं, नखाने साल काढली. मग ते पायरीवर बसले.

"कंद सडते ना केळीचा, तसाच वास आहे," ते म्हणाले. मूळ खाली ठेवून म्हणाले, "या हातानं आजवर झाड नही मेलं पोरी. वाऱ्यानं पडलं, रोगानं गेलं. माह्या हातानं नही मेलं. हे दोन मी मारले."

मी नाही म्हणू शकत नव्हते. ते खरं होतं आणि त्यांना खोटं आवडत नाही. "तिसरं जिवंत आहे अजून," एवढंच मी म्हणाले.

ते उठून तिसऱ्या झुडपापाशी गेले. खालची दोन-चार पानं पिवळी झाली होती. त्यांनी माझ्या खड्ड्यात वाकून पाहिलं, काळी माती बोटांत चोळली, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा झाडाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं, बाग बघतानाचं भान आलं. "वर तुहा मुरूम, खाली आपली काळी. काळीत पानी बसून ऱ्हायलं. नुसतं माह्यं नही, पावसाचं बी. जायले रस्ताच नही. मी नसतं घातलं तरी हे मेलं असतं, जरा उशिरानं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन टिकाव."

"तुम्ही टिकाव धरायचा नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मंग तू धर. मी सांगतो."

त्या दिवशी आबांनी मला आणि ह्यांना राबवलं त्याला तोड नाही. झाडापासून हातभर लांबून चर काढायचा, उताराने भिंतीकडे न्यायचा, भिंतीला खालून भोक पाडायचं. उतार चुकला की "मास्तरीनबाई, पानी वर चढते का?" असा टोमणा. हे दमून बसले की "कचेरीत काय करता दिवसभर?" मी चिखलाने माखले, ह्यांच्या हाताला फोड आले. संध्याकाळी भिंतीच्या भोकातून गढूळ पाण्याची धार बाहेरच्या नालीत पडायला लागली. आबा तिच्याकडे टक लावून बघत होते. जन्मभर त्यांनी झाडाकडे पाणी आणलं होतं, झाडापासून पाणी न्यायची ही त्यांची पहिलीच वेळ. "वाया चाललं," ते म्हणाले, आणि हसले. मीही हसले. त्या रात्री त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली.

पोळा आला आणि गेला. पोळ्यानंतर जाण्याचं कुणी काढलं नाही, पण "दसऱ्यानंतर शेतात" हे पुन्हा सुरू झालं. तेवढी माघार मला चालण्यासारखी होती.

आता आबा तरवडाचे राखणदार झाले. कामवाली बाई बादली घेऊन तिकडून गेली तरी तिला हटकायचे. पाऊस पडला की छत्री घेऊन चर तुंबला नाही ना ते बघून यायचे. पिवळी पानं गळाली आणि जागी नवी, बारीक, फिकट हिरवी पानं आली. भाद्रपदात उन्हाने कहर केला. पाऊस गायब आणि दुपारी अंगणात पाय ठेवता येईना. एका तिन्हीसांजेला मी पाहिलं तर झुडपाची सगळी पानं मिटलेली, खाली झुकलेली. एवढं सगळं करून हेही गेलं, असं वाटून मी खरोखर तांब्या भरून आणला. आबांनी माझा हात धरला.

"ठेव तो."

"आबा, सुकलंय ते."

"सुकलं नही. झोपलं. रोज दिवेलागणीले मिटते आन सकाळी उघडते. मी पाहतो ना रोज." मग माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यातलं पाणी ते स्वतःच प्यायले. कोरडवाहू माहेराच्या गप्पा मारणाऱ्या मला एका केळीवाल्याने तरवडाला पाणी घालण्यापासून अडवलं, हे ह्यांनी नंतर सगळ्या नातेवाइकांत सांगितलं. मी सांगू नका म्हटलं होतं.

कळ्या आल्या त्या घटस्थापनेच्या जरा आधी. शेंड्यांवर छोटे, फिकट पिवळे मणी. पहिल्या माळेला जेमतेम पसाभर फुलं मिळाली. ताटात पसरली तर माझ्या लक्षात आलं की एवढ्यात माळ होत नाही. माझा चेहरा पडला असणार. आबा देवघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "पानाची माळ तं आहेच ना आपली? तिच्यातच घाल." त्यांनी चुलत दिरांकडून केळीचं वाळकं सोपट, म्हणजे खोडाची साल, मागवून ठेवलं होतं. सासूबाई त्याच दोऱ्यात माळा ओवायच्या, हे मला तेव्हा कळलं. आबांनी ते पाण्यात भिजवलं, नखाने उभं चिरून त्याचे धागे काढून दिले आणि म्हणाले, "हा तुटत नही." एक विड्याचं पान, एक तरवडाचं फूल, एक पान, एक फूल अशी माळ मी ओवली. माहेरी अशी कुणी केलेली नाही, सासरीही नाही. घटावर चढवली तेव्हा मला माझ्या आईची फार आठवण झाली आणि त्याच वेळी अगदी समाधान वाटत होतं. ह्यांनी विचारलं, आता काय झालं. मी म्हटलं, काही नाही, चांगलं वाटतंय.

नवरात्रभर रोज थोडी थोडी फुलं मिळत गेली. आबा सकाळी ती खुडून आणायचे; कुठली खुडायची, कुठली झाडावर ठेवायची हे तेच ठरवायचे. मी जास्त मागितली तर द्यायचे नाहीत. "शेंगा कशाच्या धरतीन मंग?" असं म्हणायचे. मला वाटायचं, दोन दिवसांनी जाणाऱ्या माणसाला शेंगांचं काय. पण विचारायचा धीर होत नव्हता.

दसरा झाला. सोनं वाटून झालं, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत दीर पिकअप घेऊन दारात हजर झाले. आबांनीच बोलावलं होतं. त्यांची कपड्यांची पिशवी आणि औषधांचा डबा रात्रीच भरून झाला होता. दिरांनी आल्या आल्या पिशवी उचलून गाडीत ठेवली. हे बाहेर गाडीजवळ उभे होते. मी चहा टाकला आणि आधण उकळून उकळून आटेपर्यंत बघत राहिले.

"काका, निघायचं ना? ऊन होईल," दिरांनी हाक मारली.

आबा मागच्या अंगणात होते. मी तिकडे गेले, मागोमाग दीर आणि हेही आले. आबा तरवडासमोर उभे होते. फुलं सरत आली होती आणि फांद्यांवर कोवळ्या, हिरव्या, चपट्या शेंगा लोंबत होत्या.

"पोरी, याच्या शेंगा कधी वाळतीन?"

"थंडीत. पौषापर्यंत."

"आन बी कधी टाकायचं?"

"आषाढात. पाऊस लागला की."

"मंग फूल?"

"पहिल्या नवरात्राला येत नाही आबा. दुसऱ्याला कळी धरते, कधी तिसऱ्याला. माळेपुरती फुलं तिसऱ्याच वर्षी."

मेलेल्या दोन झाडांचे खड्डे तसेच रिकामे होते. त्यांनी एकाच्या कडेचा मुरूम पायाने आत लोटला. मग दिरांकडे वळले.

"तू जाय बाबा. बाग तू पाहूनच ऱ्हायला. मले इथी तीन नवरात्र पाहा लागतीन."

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी बोलले असते तर रडले असते, म्हणून मी चहा आणायला वळले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बाहेर पाहिलं. हे आबांची पिशवी गाडीतून उतरवून घेत होते.